‘नऊ मिमी’ म्हणजे नक्की कोणती? जुनी युरोपीय लष्करी पिस्तूल-काडतुसे ताडून पाहणाऱ्या नवख्यांसाठी

माझ्या जुन्या वहीत पहिल्याच पानावर एक ओळ आहे : ‘९ मिमी – जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्पेन, डेन्मार्क, स्वीडन.’ पुढे मोठ्या ऐटीत ‘सर्वांचे एकच!’ असा शेराही मारलेला आहे. पहिल्या महायुद्धावर वाचत होतो, प्रत्येक पुस्तकात ‘९ मिमी’ दिसत होते, म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधून मोकळा झालो. त्या एका ओळीत सहा देश आहेत आणि काडतुसे पाच. जर्मनीचे ९×१९ पॅराबेलम, ऑस्ट्रिया-हंगेरीचे ९×२३ श्टायर, इटलीचे ९×१९ ग्लिसेंटी, स्पेन आणि डेन्मार्कचे ९×२३ बर्गमन, स्वीडनचे ९×२० ब्राउनिंग लाँग. यातले एकाचे दुसऱ्याच्या पिस्तुलात घातले तर कुठे ते बसणारच नाही, कुठे बसेल पण अडेल, आणि एका ठिकाणी बसेल, उडेल आणि पिस्तूल खिळखिळे करेल.

तो शेरा खोडायला मला बरेच महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे. युद्धेतिहास वाचणारे, त्यावर लिहिणारे, भाषांतर करताना ‘पिस्टल राऊंड’पाशी अडणारे, परदेशी संग्रहालयात काचेपलीकडच्या पितळी नळकांड्यांपुढे गोंधळून उभे राहणारे, अशांसाठी हे आहे. यात काहीही उडवायचे नाही. सगळा उद्योग कागदावरचा आहे.

सुरुवातीआधी : काय जवळ हवे आणि काय अजिबात नको

नको ते आधी सांगतो. भारतात परवान्याशिवाय जिवंत काडतूस जवळ बाळगणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे. ‘शंभर वर्षांपूर्वीचे आहे हो, उडणार नाही’ हे कारण पोलीस ठाण्यात कोणी ऐकून घेत नाही. काडतुसाचे भागही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे रिकाम्या पुंगळीच्या बाबतीतही बेफिकीर राहू नका. माझ्या एका मित्राने बेल्जियममधल्या जुन्या बाजारातून काडतुसाची कीचेन आणली. येताना सामानाच्या तपासणीत ती दिसली. पुढचे विमान चुकले, रात्र जबाब देण्यात गेली, आणि कीचेन अर्थातच परत मिळाली नाही. हौस फिटली.

हवे ते असे :

- रेघांची मोठी वही किंवा स्प्रेडशीट. मी दोन्ही वापरतो, पण चुका वहीत लवकर दिसतात.
- साधा कॅल्क्युलेटर.
- सी.आय.पी.चे मापांचे तक्ते. ही संस्था १९१४ साली बेल्जियममधल्या लिएझ येथे स्थापन झाली. प्रत्येक काडतुसाचे रेखाचित्र आणि मापे ती प्रसिद्ध करते, आणि ती इंटरनेटवर फुकट मिळतात.
- त्या काळातली लष्करी माहितीपुस्तके, निदान त्यांतली तक्त्यांची पाने. जर्मन येत नसले तरी आकडे वाचता येतात.
- व्हर्निअर, पण परदेशी संग्रहालयाने किंवा संग्राहकाने निकामी केलेला नमुना रीतसर हाताळू दिला तरच.

१. आधी शब्द वेगळे करा

मराठीत आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. ‘सहा गोळ्या झाडल्या’ इथपर्यंत ठीक, पण ‘गोळीचे वजन १२ ग्रॅम’ असे कुठे वाचलेत की थांबा. ९ मिमी पॅराबेलमची गोळी ८ ग्रॅमची आणि अख्खे काडतूस साधारण १२ ग्रॅमचे. मी एकदा १२ ग्रॅम धरून ऊर्जा काढली आणि हेच काडतूस वापरणाऱ्या बिचाऱ्या लुगर पिस्तुलाला दीडपट ताकद बहाल केली.

तर चार भाग : तळाशी टोपी, म्हणजे प्रायमर; पितळेची पुंगळी; आत दारू; आणि तोंडाशी गोळी. या चारांचे मिळून काडतूस. पंचनाम्यात ‘जिवंत काडतूस’ आणि ‘रिकामी पुंगळी’ असे अगदी अचूक लिहिलेले असते. या बाबतीत हवालदाराची भाषा वर्तमानपत्रापेक्षा सरस.

२. नाव बाजूला ठेवा, तीन गोष्टी लिहा

प्रत्येक काडतुसासाठी तीनच गोष्टी आधी लिहून घ्या : गोळीचा व्यास, पुंगळीची लांबी आणि पुंगळीच्या बुडाची कड. ७.६३×२५ असे लिहिलेले दिसते त्यात पहिला आकडा व्यासाचा, दुसरा लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. शेवटी ‘आर’ असेल तर कड पुंगळीबाहेर आलेली असते. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात काडतूस आत घसरू नये म्हणून अशी कड लागते. रशियाचे ७.६२×३८आर नागान, फ्रान्सचे ८×२७आर, ब्रिटनचे .४५५ वेब्ली (हा आकडा इंचांत) ही त्या पंगतीतली. मॅगझिनवाल्या पिस्तुलात बाहेर आलेली कड एकमेकींत अडकते, म्हणून तिथे कड पुंगळीइतकीच ठेवून वर खाच पाडतात. ब्राउनिंगची काही काडतुसे मधल्या वाटेने गेली, कड किंचितच बाहेर. त्यांच्या नावात ‘एसआर’ दिसेल.

नावातल्या व्यासावर मात्र फार विसंबू नका. ७.६५ ब्राउनिंगची गोळी प्रत्यक्षात ७.९ मिमीच्याही थोडी वर जाते आणि ७.६५ पॅराबेलमची ७.८५ च्या आसपास. नावे ठेवताना कोणी नळीचा आतला व्यास घेतला, कोणी गोळीचा, कोणी विक्रीला बरा वाटेल तो.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो ‘७.६५’ आणि ‘९’ या दोन आकड्यांवर. ७.६५ म्हटले की १७ मिमी पुंगळीचे ब्राउनिंग, २१ मिमीचे पॅराबेलम आणि २५ मिमीचे बोर्खार्ट, अशी निदान तीन काडतुसे समोर येतात. नऊचा पसारा वर सांगितलाच. त्यात ९×१७ ब्राउनिंग शॉर्टची भर घाला, म्हणजे दोन खुनांचा उलगडा होतो.

पहिला सारायेवोचा. २८ जून १९१४ रोजी गावरिलो प्रिन्सिपने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर झाडलेले पिस्तूल अनेक पुस्तकांत ‘७.६५ ब्राउनिंग’ म्हणून आले. ते होते बेल्जियमच्या एफएन कारखान्याचे मॉडेल १९१०, आणि त्यातले काडतूस ९×१७. दुसरा आपल्या घरचा. ३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेच्या हातात असलेले बेरेटा १९३४ मराठी लेखनात नुसते ‘९ मिमी पिस्तूल’ म्हणून येते. वाचणाऱ्याला वाटते जर्मन लष्करी ९ मिमी. ते इटालियन ‘कोर्तो’, म्हणजे आखूड, तेच ९×१७. आखूड म्हणजे पुंगळी दोनच मिलिमीटरने कमी. पण ताकद जवळजवळ निम्मी.

तेच काडतूस इंचांत ‘.३८० ऑटो’ होते. आता गंमत पाहा : ब्रिटिश लष्कराच्या रिव्हॉल्व्हरचे आणि पुढे आपल्याकडे पोलिसांत रुळलेले ‘.३८०’ हे पूर्णपणे वेगळे, कडवाले आणि जड शिशाच्या गोळीचे काडतूस. एकच आकडा, दोन जाती. सरकारी कागदात .३८० दिसले की पुढे ‘रिव्हॉल्व्हर’ आहे की ‘पिस्तूल’ हे वाचल्याशिवाय वहीत काही लिहू नका.

३. एककांचे भाषांतर : ग्रेन, फूट आणि आपला तोळा

ब्रिटिश आकडे ग्रेन आणि फूट प्रतिसेकंदात असतात, जर्मन-ऑस्ट्रियन ग्रॅम आणि मीटरमध्ये. रूपांतर सोपे आहे. ग्रेनला ०.०६४८ ने गुणले की ग्रॅम, फुटाला ०.३०४८ ने गुणले की मीटर, फूट-पाउंडाला १.३५६ ने गुणले की ज्यूल.

पण नुसते गुणून वजन ‘कळत’ नाही. मला ते कळले सोनाराच्या हिशेबाने. ब्रिटिश अमलात तोळा १८० ग्रेनचा ठरला होता. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. आता पाहा : .४५५ वेब्लीची गोळी २६५ ग्रेन, म्हणजे दीड तोळ्याला जेमतेम तीन गुंजा कमी. ७.६३ माउझरची ८६ ग्रेन, अर्ध्या तोळ्याला दोन गुंजा कमी. ९ मिमी पॅराबेलमची १२४ ग्रेन, सव्वाआठ मासे. ब्रिटिशांच्या एका गोळीच्या शिशात माउझरच्या तीन गोळ्या, हे एकदा असे डोळ्यापुढे आले की पुढची सगळी भांडणे समजायला लागतात.

(सोनार हल्ली तोळा दहा ग्रॅमचा धरतो. हा हिशेब जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याचा. आईच्या पाटल्यांवर ताडून बघायला जाऊ नका.)

४. वेगाचा आकडा दिसला की त्याची जन्मकुंडली विचारा

गोळीचे वजन बहुधा सगळीकडे सारखे सापडते. वेग मात्र दर पुस्तकात वेगळा. याला तीन कारणे आहेत आणि तिन्ही वहीत नोंदवायला हवीत.

पहिले, नळीची लांबी. जर्मन लष्कराच्या पी.०८ लुगरची नळी सुमारे १०० मिमी, नौदलाच्या लुगरची १५० आणि तोफखान्याच्या लुगरची २००. तिन्हींत काडतूस तेच. लांब नळीत वायूला ढकलायला जास्त वाट मिळते, वेग वाढतो. माउझर सी-९६ ची नळी १४० मिमी, नागानची ११४, वेब्ली मार्क ६ या रिव्हॉल्व्हरची १५२. म्हणजे ‘माउझर विरुद्ध लुगर’ अशी तुलना करताना निम्मी तुलना नळ्यांचीच होते.

दुसरे, वेग कुठे मोजला. इलेक्ट्रॉनिक यंत्रे येण्याआधी युरोपभर वापरात होता तो बेल्जियन अधिकारी ल बुलांजे याने एकोणिसाव्या शतकात बनवलेला क्रोनोग्राफ. दोन विद्युतचुंबकांवर दोन दांडे टांगलेले. गोळी पहिल्या तारेच्या जाळीतून गेली की तार तुटते, चुंबक सुटतो, लांब दांडा पडू लागतो. दुसरी जाळी तुटली की छोटा दांडा पडून एक सुरी सोडतो, आणि ती सुरी पडत्या लांब दांड्यावर खूण करते. खूण दांड्यावर किती उंचीवर झाली यावरून किती वेळ गेला ते निघते. गुरुत्वाकर्षणाचे घड्याळच म्हणा ना! मला हे यंत्र अजूनही सुंदर वाटते. पण त्यातून निघतो दोन जाळ्यांमधला सरासरी वेग, तोही नळीपासून काही मीटर पुढचा. एका तक्त्यात तोंडाशी हिशेबाने काढलेला वेग आणि दुसऱ्यात काही मीटर पुढे मोजलेला असेल, तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी शेजारी मांडता आहात.

तिसरे, काळ. ७.६३ माउझरवरून सोव्हिएत रशियाने १९३० मध्ये ७.६२×२५ तोकारेव घडवले. मापे इतकी जवळची की दोन्ही एकमेकांच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागे काडतूस बसते त्या पोकळीत, सहसा बसतात. नंतरच्या तोकारेवचे चढे आकडे १८९६ च्या माउझरच्या खात्यावर जमा झालेले मी छापील पुस्तकांत पाहिले आहेत. सी.आय.पी.च्या तक्त्यातला वायूचा दाबही आजची कमाल मर्यादा आहे (‘बार’ हे दाबाचे एकक). ९ मिमी पॅराबेलमला २३५० बार, ७.६५ ब्राउनिंगला १६००. १९०८ साली कारखान्यात किती दारू भरत होते ते त्यावरून कळत नाही.

वेगाबाबत एवढी कटकट का? ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो म्हणून. ३२५ ऐवजी ३३५ धरला, म्हणजे दहाच मीटर इकडेतिकडे, की ऊर्जा सहा टक्क्यांनी फुगते.

५. आता गणित, आणि एकाच स्तंभावर थांबू नका

दहावीचेच विज्ञान. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ग्रॅमचे किलोग्रॅम करायला विसरू नका. मी विसरलो होतो आणि एका पिस्तुलाला तोफ करून ठेवले होते.

खालचे वजन आणि वेग त्या काळच्या नेहमीच्या लष्करी भरणाचे, सुमाराचे आहेत. ऊर्जा ज्यूलमध्ये, संवेग किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंदात.

| काडतूस | गोळी (ग्रॅम) | वेग (मी/से) | ऊर्जा | संवेग |
|---|---|---|---|---|
| ७.६३ माउझर | ५.५ | ४३० | ५०८ | २.३७ |
| ९ मिमी श्टायर | ७.५ | ३४० | ४३४ | २.५५ |
| ९ मिमी पॅराबेलम | ८.० | ३२५ | ४२३ | २.६० |
| ८ मिमी रोथ-श्टायर | ७.५ | ३३० | ४०८ | २.४८ |
| ७.६५ पॅराबेलम | ६.० | ३६५ | ४०० | २.१९ |
| .४५५ वेब्ली मार्क २ | १७.२ | १८३ | २८८ | ३.१५ |
| ७.६२ नागान | ७.० | २७० | २५५ | १.८९ |
| ७.६५ ब्राउनिंग | ४.६ | २९० | १९३ | १.३३ |
| ८ मिमी फ्रेंच १८९२ | ७.८ | २२० | १८९ | १.७२ |

ऊर्जेच्या रकान्यात माउझर पहिला आणि वेब्ली सहावा. संवेगाच्या रकान्यात वेब्ली पहिला आणि माउझर पाचवा. आकडे तेच, गोळ्या त्याच, फक्त वेगाचा वर्ग करायचा की नाही एवढाच फरक. १९०० च्या आसपास जर्मन आणि ब्रिटिश मंडळी एकमेकांच्या काडतुसांना नावे ठेवत होती त्याचे मूळ इथे आहे. ज्याला जो रकाना सोयीचा, तो त्याने पुढे केला.

‘मग यांतले सर्वांत प्रभावी कोणते?’ हा प्रश्न येणारच. माझे मत असे की या तक्त्यातून ते ठरवू नये. गोळीचा आकार, ती नुसत्या शिशाची की धातूच्या कवचाची, कुठे लागली, यांतले काहीच या रकान्यांत नाही. तक्ता क्रमवारी लावायला नाही, प्रश्न विचारायला वापरा.

६. कोणत्या सैन्याला काय हवे होते ते शोधा

इथे खरी मजा आहे, म्हणून थोडा रेंगाळतो.

ब्रिटिशांना जड आणि संथ गोळी हवी होती ती वसाहतींतल्या अनुभवातून. अगदी जवळ आलेला माणूस थांबला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. १८९७ ची मार्क २ गोळी पुरेशी वाटेना, म्हणून १८९८ मध्ये मार्क ३ आणली, पुढून पोकळ, लागताच पसरणारी. १८९९ च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्यांविरुद्ध जाहीरनामा झाला आणि मार्क ३ लवकरच मागे घ्यावी लागली. कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्याचे नाव जगभर ज्या वादात बदनाम झाले तोच हा वाद; फरक इतकाच की दमदमची गोळी रायफलची होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी पुन्हा मार्क २ घेऊनच उतरले.

जर्मन बाजूची कथा एका घराण्याची आहे. १८९३ मध्ये ह्यूगो बोर्खार्टने पिस्तूल आणले, सोबत बाटलीसारख्या गळ्याचे ७.६५×२५ काडतूस. माउझरने त्याच मापांवर १८९६ चे ७.६३ बेतले आणि दारू वाढवली. गेओर्ग लुगरने पुंगळी आखूड केली, ७.६५×२१ झाले, स्विस सैन्याने ते १९०० मध्ये घेतले. मग मोठ्या व्यासाची मागणी येऊ लागली, तेव्हा १९०२ च्या सुमारास लुगरने आहे त्याच पुंगळीचा गळा उघडून सरळ केला आणि ९ मिमीची गोळी बसवली. चौघांच्या बुडाचा व्यास आजही मोजला तर दहा मिमीला किंचित कमी, जवळजवळ सारखा. बूड तेच असल्यामुळे पिस्तुलाची यंत्रणा फारशी बदलावी लागली नाही. मुख्यतः नळी नवी. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये, लष्कराने १९०८ मध्ये ते स्वीकारले. हे काडतूस टिकले ते सर्वांत जोरदार म्हणून नव्हे. तक्त्यात ते कुठल्याच रकान्यात पहिले नाही. पण दोन्ही रकान्यांत वरच्या तिघांत असणारी दोनच, हे आणि श्टायर, आणि १९१८ मध्ये बर्गमनच्या एमपी-१८ या सबमशीनगनने हेच काडतूस घेतले.

ऑस्ट्रियाचे रोथ-श्टायर १९०७ घोडदळासाठी होते. दौडत्या घोड्यावर हिसका बसून बार उडू नये म्हणून चाप ओढतानाच आतली स्प्रिंग पूर्ण ताणली जाई, आणि मगच काडतूस उडे. मॅगझिन निघतच नसे. दहा काडतुसांची पट्टी वरून दाबून भरायची. काडतूस त्या यंत्रणेबरोबरच जन्मले आणि तिच्याबरोबरच मागे पडले.

नागानचे काडतूस पहिल्यांदा पाहिले तर गोळी बसवायची राहून गेली असे वाटेल. गोळी पुंगळीच्या तोंडाच्या आत बुडालेली असते. रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवला की चक्र पुढे सरकते, पुंगळीचे तोंड नळीत शिरते, आणि बार झाला की ते फुगून फट बंद करते. म्हणून मोजताना लक्षात ठेवा : इथे काडतुसाची लांबी आणि पुंगळीची लांबी एकच. मी तक्त्यात ‘एकूण लांबी’ चुकीची छापली आहे असे समजून दुरुस्त केली होती.

फ्रान्सचा १८९२ चा रिव्हॉल्व्हर रेखीव, काडतूस मात्र तळाशी. महायुद्धात पिस्तुले कमी पडली तेव्हा फ्रान्सने स्पेनकडून रुबी जातीची पिस्तुले लाखोंनी घेतली, ७.६५ ब्राउनिंगची. खिशातल्या पिस्तुलाचे काडतूस असे गरजेपोटी लष्करी झाले.

आणि माउझरची एक गोष्ट मुंबईची. ऑक्टोबर १८९६ मध्ये तरुण विन्स्टन चर्चिल ससून डॉकवर बोटीतून उतरताना भिंतीतल्या कडीला धरू गेला, लाटेने बोट खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तो खांदा जन्मभर दुखरा राहिला. तलवारीचा वार करताना खांदा पुन्हा सुटेल या धास्तीने २ सप्टेंबर १८९८ च्या, सुदानमधल्या ओमडुर्मनच्या घोडदळाच्या हल्ल्यात त्याने तलवार म्यानात घातली आणि माउझर सी-९६ वापरले. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हातात जर्मन ७.६३ का, याचे उत्तर ससून डॉकच्या पायऱ्यांवर आहे. कोणत्याही तक्त्यात ते सापडणार नाही.

७. ‘बसते’ आणि ‘चालते’ यांत गल्लत करू नका

लिहिणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त चुका इथे होतात.

इटलीचे ९ मिमी ग्लिसेंटी बाहेरून पॅराबेलमसारखेच, मापेही जवळजवळ तीच, पण दारू कमी. कारण १९१० च्या ग्लिसेंटी पिस्तुलाच्या सांगाड्याची डावी बाजू सुटी होणाऱ्या पत्र्याने झाकलेली. जोरदार काडतूस त्याला झेपत नाही. जर्मन काडतूस आत बसे, उडे, आणि पिस्तुलाचे सांधे ढिले करत जाई. कादंबरीत इटालियन शिपायाने जर्मन मेलेल्याच्या खिशातली काडतुसे आपल्या पिस्तुलात भरली असे लिहिणार असाल, तर पुढे काय होते तेही लिहा.

जर्मनांना या गोंधळाची पुरती जाणीव होती. १९१६ मध्ये त्यांनी माउझरकडून सी-९६ पिस्तुले ९ मिमी पॅराबेलमसाठी मागवली. शेजारच्या खंदकात तशीच दिसणारी ७.६३ ची पिस्तुले होतीच. म्हणून लाकडी मुठीवर भला मोठा ९ कोरून त्यात लाल रंग भरला. फोटोत सी-९६ ची मूठ दिसत असेल तर आधी तो लाल नऊ शोधा. तसेच श्टायर १९१२ पिस्तुले दुसऱ्या महायुद्धात पॅराबेलमसाठी बदलून घेतली तेव्हा त्यांवर ‘०८’चा ठसा मारला गेला. ठसा दिसला तर ९×२३ समजू नका.

८. बुडावरचा ठसा वाचा

पुंगळी उलटी धरली की बुडावर अक्षरे आणि आकडे दिसतात : कारखाना, पुष्कळदा वर्ष, कधी महिना. डी.डब्ल्यू.एम. असेल तर बर्लिनच्या त्या कंपनीचे, जिथे लुगर काम करत होता. ‘पॅराबेलम’ हा शब्द त्याच कंपनीच्या तारेच्या पत्त्यातला. इंग्रजी के.एफ. असेल तर तुमच्या हातात खडकीचा माल आहे. पुण्याशेजारचा हा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. के.एफ. ठशाचे ९ मिमी दिसले की काही जण त्याला ‘महायुद्धातले जर्मन’ ठरवून टाकतात. काडतुसाची जात जर्मन, जन्म खडकीचा. वहीत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे रकाने ठेवा.

आणि ठशावरचे वर्ष पुंगळीचे असते, पिस्तुलाचे नव्हे. १९०८ च्या पिस्तुलाशेजारी १९४१ ची पुंगळी मांडलेली संग्रहालयांतही दिसते.

पहिली जोडी निवडताना थेट माउझर-वेब्लीवर उडी घेऊ नका. ७.६५ पॅराबेलम आणि ९ मिमी पॅराबेलम घ्या : पुंगळीचे बूड एकच, पिस्तूल एकच, नळीलांबीही एकच निवडा. बदलते ते फक्त पुंगळीचे तोंड, तिची लांबी आणि गोळी. त्या दोघांचे पान चुका न होता भरले की तिसऱ्या ओळीत श्टायर लिहा, आणि ‘९’ लिहून झाल्यावर पेन उचलण्याआधी पुढे २३ लिहिलेत ना ते बघा.